त्या वर्षी आम्ही दोघी दहावीला होतो

माधवनगरला शकूमावशीच्या घरी शांतता नावाची गोष्टच नव्हती. घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड होती आणि सकाळी माग सुरू झाले की दिवसभर खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक चालायचं. मी पहिल्यांदा तिथं राहायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, इथली माणसं एकमेकांशी बोलतात तरी कशी? मग कळलं, ओरडून बोलतात. मावशीचा आवाज त्यामुळेच तसा झाला होता. ती आमच्या गावी आली तरी तिचं साधं बोलणं पलीकडच्या आळीत ऐकू जायचं. काका त्याच शेडमध्ये कामाला होते. घरी आले की त्यांच्या भुवयांवर आणि मिशांवर कापसाची बारीक पिंज बसलेली असायची. मावशी त्यांना दारातच उभं करून टॉवेलनं झटकायची आणि मगच आत घ्यायची. वीज गेली की शेड एकदम गप्प व्हायची, आणि त्या शांततेत मला आणखीच बेचैन व्हायचं. मला आवाजात अभ्यास जमत नव्हता आणि शांततेतही नाही. पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसायची, तिथून उठून पाण्याच्या टाकीवर, तिथून मावशीच्या ओट्यापाशी. मावशी म्हणायची, "सुवर्णे, तुला बसायला जागा दिऊ का चाकं लावून दिऊ?"

आमचं गाव लोणंदपासून आत. तिथं शाळा सातवीपर्यंतच होती. वडील सैन्यात, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारे. मी त्यांची एकुलती एक. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. पोरीला चांगल्या शाळेत घालायचं हे दादांनीच ठरवलं आणि आठवीपासून मला मावशीकडे ठेवलं. सुट्ट्यांना मी आगगाडीनं लोणंदला जायची. त्या गाडीत बसले की मला बरं वाटायचं. बसून राहायचं आणि तरीही पुढं जायचं, एवढ्या एकाच जागी मी स्थिर असायची.

मी दहावीत गेले त्या दिवाळीत दादा सुट्टीवर आले होते. एका सकाळी आई भाकरी थापत होती, दादा चुलीपाशी पाटावर बसून चहा पीत होते आणि मी शेजारी लसूण सोलत होते. आई परातीतनं मान वर न काढता म्हणाली, "मी दहावीला बसायचं म्हनतीय."

दादांना वाटलं, माझ्याविषयी बोलते आहे. "बसंल की ती. मार्चला हाय न्हवं परीक्षा?"

"ती न्हवं. मी."

दादांनी कप खाली ठेवला. आई नववी पास होती. दहावीची पुस्तकं घरात आली त्याच वर्षी तिचं लग्न झालं, हे आम्हाला माहीत होतं; पण ती गोष्ट तिनं कधी तक्रार म्हणून सांगितली नव्हती. आता ती गावच्या बालवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. शिकवणाऱ्या बाई वय झाल्यानं सोडणार होत्या आणि त्यांच्या जागी दहावी झालेली बाई पाहिजे होती. "मी सगळं करतीच हाय," आई म्हणाली, "गानी माझीच म्हनत्यात पोरं. पर कागद पायजे म्हनत्यात."

दादा हसले. मग आईकडे बघून हसायचे थांबले. "दोघी एका बाकावर बसनार का काय?" एवढंच म्हणाले. खरी अडचण थोरल्या चुलत्यांची, आण्णांची होती. घरात शेवटचा शब्द त्यांचा. दादांनी त्यावर वाद घातला नाही. काळ्या पेटीतून कँटीनची रमची बाटली काढली, संध्याकाळी आण्णांबरोबर पाण्याच्या पाटाच्या कडेला उसाच्या बांधावर जाऊन बसले आणि परत आले तेव्हा आण्णांनी परवानगी दिलेली होती. दुसऱ्या दिवशी ती त्यांना नीटशी आठवत नव्हती. पण दिलेला शब्द मागं घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बसू द्या," ते गुरगुरले, "नापास झाल्यावर गप्प बसंल."

तसा आईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून बसणाऱ्यांचा. गावाजवळच्या शाळेतून भरला असता तर सगळी ओळखीची पोरं, नात्यातल्या जावा-नणंदांची. म्हणून मावशीनं तिला माझ्याच शाळेतून भरायला लावला. संक्रांत झाल्यावर आई एक पत्र्याची पेटी आणि बाजरीच्या पिठाचा डबा घेऊन माधवनगरला आली. स्टेशनवर घ्यायला मी गेले होते. नऊवारीचा काष्टा घातलेली माझी आई, हातात पेटी, आणि त्या पेटीत माझ्यासारखीच पुस्तकं. मला एकाच वेळी हसू आलं आणि कुठंतरी पळून जावंसंही वाटलं.

आईचा अभ्यास मी पाहिला तसा नंतर कुणाचाच पाहिला नाही, आणि मी आयुष्यभर मास्तरकी केली आहे. तिला आवाजाचं काही नव्हतं. माग चालू असोत, मावशी ओरडत असो, ती भिंतीला टेकून बसली की बसली. एक धडा संपल्याशिवाय उठायची नाही. इंग्रजीचं स्पेलिंग ती मोठ्यानं, भाकरीच्या तालावर पाठ करायची. थाप, अक्षर, थाप, अक्षर. इतिहासातली माणसं तिला सासर-माहेरच्या नात्यांसारखी लक्षात राहायची. कोण कुणाचा, कुणाचं कुणाशी वाकडं. बीजगणित मात्र मी तिला शिकवलं. एक्स म्हणजे काय हे तिला पटायला दोन दिवस लागले. "म्हंजी म्हायती न्हाई त्याला नाव द्याचं आन् म्हायती असल्यावानी वागायचं," ती म्हणाली, "घरात आपुन ह्येच करतो की." त्यानंतर तिची समीकरणं माझ्यापेक्षा नीट सुटायला लागली. मी घाई करायची, चिन्ह चुकवायची. ती प्रत्येक ओळीखाली ओळ लिहायची, स्वच्छ, डाव्या बाजूला सरळ समास सोडून.

भूमिती दोघींनाही जड जायची. तिला आकृती काढताना कंपास धरता यायचा नाही. कामानं बोटं जाड झाली होती, टोक सरकायचं आणि वर्तुळ जुळायचं नाही. मला आकृती यायची, सिद्धता यायची नाही. मधल्या पायऱ्या गाळून मी शेवटावर उडी मारायची. संध्याकाळी काका सांगलीच्या पेठेतून भडंग आणायचे. त्यात कांदा चिरून, शेंगदाणे जास्तीचे टाकून मावशी मोठ्या ताटात मधे ठेवायची आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी खात एकच प्रमेय म्हणायचो. तो कांदा आमच्या लोणंदकडचाच असणार असं आई रोज म्हणायची. हाताला तिखट लागलेलं असायचं आणि माझ्या भूमितीच्या पुस्तकाची पानं तांबूस झाली होती.

शाळेत मात्र मला तिची ओळख द्यायला नको व्हायचं. बाहेरून बसणाऱ्यांसाठी विज्ञानाची प्रात्यक्षिकं रविवारी व्हायची, तेव्हा ती शाळेत यायची. वर्गातली एक मुलगी मला म्हणाली, "तुझ्या आईनं लिटमस कागद पदराला पुसला." सगळ्या हसल्या. घरी येऊन मी आईला सांगितलं नाही, पण दिवसभर तिच्याशी तुटक बोलले. तिनं विचारलं नाही. तिला बहुधा कळलं होतं.

मार्च आला. आमचं केंद्र आमच्या शाळेत नव्हतं, सांगलीतल्या एका मोठ्या शाळेत होतं. इमारत तिन्ही बाजूंनी, मधे मोकळं अंगण, अंगणात दोन कडुलिंबाची झाडं. माझी खोली एका हाताला तळमजल्यावर, आणि बाहेरून बसणाऱ्यांची खोली बरोबर समोर, अंगणाच्या पलीकडे. सकाळी आम्ही दोघी एकत्र निघायचो. मावशी दोघींच्या हातावर दही-साखर ठेवायची आणि दोघींना एकाच दमात सांगायची, "घाबरू नगा गं पोरींनो." आई तिच्यापेक्षा थोरली होती.

भाषेचे पेपर बरे गेले. बीजगणितही गेलं. भूमितीच्या दिवशी सकाळपासून माझ्या पायांना स्वस्थता नव्हती. बाकाखाली पाय हलवत होते, पुढच्या मुलीनं दोनदा वळून बघितलं. आमच्या खोलीवर त्या दिवशी दीक्षित बाई म्हणून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षिका पर्यवेक्षक होत्या. उंच, बारीक, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, "बाळ, पाय जमिनीला टेक. मग हात आपोआप शांत होईल." मी टेकवले. पहिले प्रश्न सोडवले. त्रिकोणाची एक सिद्धता, सगळ्या पायऱ्यांसह, कधी नव्हे ती नीट लिहिली.

माझा बाक खिडकीला लागून होता. त्या काळी परीक्षेला कुंपणाबाहेर जत्रा भरलेली असायची. भाऊ, चुलते, मित्र, कुणी झाडावर, कुणी भिंतीवर. आणि आत कागदाचे बोळे यायचे, दगडाला बांधून. शिपाई एकीकडे हाकलायचा, ते दुसरीकडून यायचे. त्यातलाच एक बोळा खिडकीच्या गजातून आत आला आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर पडला. तो माझ्यासाठी नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलासाठी असावा, कारण तो मागून "ए, ए" करत होता. मी तो खाली टाकायला म्हणून उचलला. नेमक्या त्याच क्षणी दारात भरारी पथक उभं होतं.

पुढचं सगळं फार पटकन झालं. एक जाड चष्म्याचे गृहस्थ माझ्यापाशी आले, माझ्या हातातला बोळा घेतला, उत्तरपत्रिका घेतली आणि म्हणाले, "उठ. बाहेर उभी राहा." मी म्हणाले, "सर, माझा नाही." ते म्हणाले, "प्रत्येक जण हेच म्हणतो." दीक्षित बाई पुढं आल्या. "सर, मी बघत होते, तो आत्ताच बाहेरून पडला."

"बाई, तुम्ही जरा थांबा. आम्हाला आमचं काम करू द्या."

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आत ते माझी उत्तरपत्रिका आणि तो कागद शेजारी धरून बघत होते, बाई काहीतरी सांगत होत्या. मला रडू आलं होतं, नाक वाहत होतं, रुमाल आत दप्तरात होता. बाहेरच्या कुंपणावरची पोरं माझ्याकडे बघून ओरडत होती, "गावली रं गावली!" आणि मी मान वर केली तेव्हा समोर, अंगणाच्या पलीकडच्या खिडकीत, मला आई दिसली.

ती दुसऱ्या बाकावर बसली होती. तिनंही मला पाहिलं. लांबून चेहरा स्पष्ट दिसत नव्हता. पण ती माझ्याकडे बघते आहे याबद्दल काहीच शंका नव्हती. मला वाटलं, आता ती उठणार. आमच्या आळीत कुणी माझ्यावर हात उगारला तर हातातलं काम टाकून धावणारी बाई ती. मी वाट बघितली. तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग मान खाली घालून ती पुन्हा लिहायला लागली.

रडणं तिथंच थांबलं माझं.

शेवटी त्या गृहस्थांना पटलं. त्या बोळ्यात जे प्रश्न सोडवले होते त्यांतला एकही मी अजून लिहिला नव्हता, आणि अक्षर, पायऱ्या, काहीच जुळत नव्हतं. त्यांनी उत्तरपत्रिका परत दिली. "जा, लिही. घाबरू नको," असंही म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असावेत. पण वेळ वाढवून मिळत नसतो. वर्तुळाला बाहेरून स्पर्शिका काढायची होती. कंपासाचं टोक माझ्या हातून सरकत राहिलं. मी तीन वर्तुळं काढली आणि तिन्ही खोडली. घंटा झाली तेव्हा माझी पुढची पानं कोरी होती.

आता मी स्वतः पर्यवेक्षक म्हणून त्या खोल्यांतून फिरते. पथक आलं की मुलांच्या आधी मी दाराकडे बघते. कुणाला उठवलं तर मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते, काही न बोलता, पेपर परत मिळेपर्यंत. सहकारी हसतात.

त्या दिवशी घरी येताना आम्ही चालत आलो. आईनं एवढंच विचारलं, "पेपर परत दिला का?"

"दिला."

"मग लिवलास?"

"थोडा."

तिनं पुढं काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मावशीला दोघींच्या चेहऱ्यावरून काही उमजेना. तिनं आमच्यापुढं पिठलं-भाकरी वाढली. आई नेहमीसारखी जेवली. मला ते बघवेना. उरलेले पेपर मी नुसत्या रागाच्या जोरावर लिहिले आणि ते चांगले गेले. शेवटच्या पेपरला मी बाहेर आले तर आई फाटकापाशी दीक्षित बाईंशी बोलत उभी होती. काय बोलली ते तेव्हा मी विचारलं नाही.

उन्हाळाभर गावी मी नुसती फिरत होते. पाटापर्यंत जायची, परत यायची, उंबराखाली बसायची, उठायची. पाटाला पाणी सुटलं की त्यात पाय घालून बसणारी मी त्या वर्षी बसू शकले नाही. चुलती म्हणाली, "पोरीच्या अंगात काय भरलंय का काय!" आई कामात होती, बोलत होती, हसतही होती. मी तिच्याकडे बघायची आणि मला प्रत्येक वेळी ती वाकलेली मान दिसायची. किती वेळा तोंडाशी आलं, की विचारावं. पण निकाल लागायचा होता, आणि मला वाटायचं, मी पास झाले तर हे सगळं आपोआप मिटेल.

निकालाला दादा सुट्टी काढून आले. ते आणि आई माधवनगरला जाऊन दोघींच्या गुणपत्रिका घेऊन येणार होते. मी गेले नाही; पोट दुखतंय म्हणाले. संध्याकाळी ते दोघं परत आले ते मला लांबून रस्त्यावरच दिसले. दादांच्या हातात साताऱ्याहून घेतलेला पेढ्यांचा पुडा होता, पण तो त्यांनी अंगापासून लांब धरला होता, कुणी दुसऱ्याचं सामान धरावं तसा. दारात आल्यावर ते म्हणाले, "सुवर्णा, गनितात ऱ्हायलं बाळा. बाकी सगळ्यात चांगलं हाय." आणि मग, खालच्या आवाजात, "तुजी आई पास झाली."

आण्णा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "आई पास आन् लेक नापास. आता गावात सांगायचं काय?"

दादा पेढ्यांचा पुडा घेऊन आत जायला निघाले. तेवढ्यात आई म्हणाली, "कुठं नेताय? वाटा की."

"आगं, पर पोरीचं..."

"पोरीचं वाईट झालं. मलाबी वाईट वाटतंय. पर मी पास झालीय. वाटा पेढं."

तिनं स्वतः पुडा सोडला. पहिला पेढा देवापुढं, दुसरा आण्णांच्या हातावर. मला दिला तो मी घेतला नाही. आळीतल्या बायका आल्या, तिचं तोंड गोड करून गेल्या, जाताना माझ्याकडे बघून चुकचुकत गेल्या. मी मागच्या दारी जाऊन बसले. त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला तेवढा पुढं कुणाचा आला नाही. लपवलं असतं तिनं, माझ्यासाठी एक दिवस खोटं तोंड करून बसली असती, तर काय बिघडलं असतं? आज मला वाटतं, तसं तोंड करून ती फार वर्षं बसली होती, तेव्हा मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आण्णांनी विषय काढलाच. "पोरीची शाळा झाली आता. आदर्कीकडं एक पोरगं हाय, मिलिट्रीतच हाय. बघून घिऊ."

दादा म्हणाले, "बघू की," आणि या 'बघू की'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. आण्णांपुढं ते कधी 'नाही' म्हणत नसत.

आई भांडी घासत होती. ती हात धुऊन ओसरीच्या दारात आली. थोरल्या दिरासमोर ती एरवी दाराच्या आतूनच बोलायची. त्या दिवशी उंबरा ओलांडून बाहेर आली, पदर डोक्यावर होता. "आवं भावजी, पोरगी आक्टोबरला बसंल."

"आन् परत नापास झाली तर?"

"तर मार्चला बसंल. मला म्हातारी व्हायच्या टायमाला दहावी करायला लागली. तिला आताच करू द्या."

आण्णा दादांकडे बघत म्हणाले, "ही बोलतीया, तू ऐकतोयस न्हवं?"

दादा म्हणाले, "ऐकतोय आण्णा. ती म्हनती तसं हुंद्या." दादांना आण्णांविरुद्ध बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आण्णा उठून गोठ्याकडे गेले. पुढं कित्येक दिवस ते आईशी बोलले नाहीत. पण आदर्कीच्या पोराचा विषयही पुन्हा निघाला नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी पुन्हा माधवनगरला गेले आणि तेव्हा मावशीकडून मला कळलं, आई फाटकापाशी काय बोलत होती ते. तिनं दीक्षित बाईंना विचारलं होतं, "माज्या पोरीची तुमी बाजू घेतली. तिला भूमिती शिकवाल का?" निकाल लागायच्या कितीतरी आधी. मी नापास होणार हे तिनं तेव्हाच धरलं होतं, आणि त्याची तजवीज करून मगच ती गावी आली होती. बाई सांगलीत गावभागात राहायच्या. त्यांची शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जायची. त्या मला आधी नुसतं बसायला लावायच्या. मग एकच सिद्धता, पण एकही पायरी न गाळता. पायरी गाळली की सगळं खोडून पुन्हा. "तुला शेवट माहीत असतो गं," त्या म्हणायच्या, "पण तपासणाऱ्याला रस्ता दाखवायला नको?" मी चिडायची, पेन आपटायची. त्या चहा टाकायला उठायच्या आणि परत येऊन तिथूनच सुरू करायच्या. आई तिकडे बालवाडीत बाई म्हणून रुजू झाली होती. ती कधी रविवारी यायची, बाईंसाठी शेंगा किंवा गूळ घेऊन. आमचं दोघींचं बोलणं व्हायचं ते बेतास बेत.

ऑक्टोबरची परीक्षा गेली. निकाल लागला तेव्हा थंडी पडली होती. या वेळी मी आई आणि मावशीबरोबर शाळेत गेले. कारकुनांनी खिडकीतून गुणपत्रिका सरकवली. मी पास होते, आणि भूमितीतले गुण आईच्या भूमितीपेक्षा चांगले होते. आईनं कागद हातात घेऊन नीट बघितला आणि मोठ्यानं हसली. मावशी शाळेच्या दारातच इतक्या जोरात ओरडली, की शिपाई बघायला आला. बाईंच्या घरी जाऊन मी पाया पडले. त्या म्हणाल्या, "बस आता जरा स्वस्थ." मी खरंच थोडा वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लोणंदच्या गाडीत बसलो. डब्यात फार गर्दी नव्हती. कऱ्हाड गेलं, कोरेगाव गेलं. मी खिडकीत होते, आई समोर. नापास असताना मी विचारलं असतं तर तो माझा कांगावा झाला असता. आता मी विचारू शकत होते. साताऱ्याला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा मी म्हणाले, "आई, तू मला बघितलं होतंस ना? त्या दिवशी, व्हरांड्यात?"

कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. "बघितलं."

"मग उठली का नाहीस?"

आईनं बाहेर बघितलं. फलाटावर एक बाई लेकराला पाणी पाजत होती. "उठाय लागलेच व्हते," ती म्हणाली, "हात बाकाला टेकला. मग बघितलं, तू रडतीस पर उभी हायस. पडली असतीस तर आले असते. बाईबी तुझ्या बाजूनं बोलत व्हती, ती दिसत व्हती मला. मी येऊन काय केलं असतं? माझा पेपर गेला असता, आन् तुझा काय परत आला नसता."

"पण मला वाटलं तू येशील."

"व्हय. मलाबी वाटलं व्हतं, मी यीन." ती माझ्याकडे वळली. "सुवर्णे, ती परीक्षा माझीबी व्हती गं."

मला रडू आलं नाही. माझं समाधानही झालं नाही. तिचं म्हणणं मला कळलं, त्यात काही खोट दिसत नव्हती, आणि तरीही आत कुठंतरी मी त्या व्हरांड्यात अजून उभीच होते. इतकी वर्षं झाली, आई आता नाही; ते तिचं वाक्य मी माझ्या मुलींना सांगितलं आहे, माझ्या शाळेतल्या बायकांना सांगितलं आहे, आणि दर वेळी सांगताना माझी बाजू बदलते.

गाडी सुटली. आईनं मांडीवर फडकं पसरलं. मावशीनं दिलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा. कांदा तिनं बाकावर ठेवून मुठीनं फोडला.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं. खा."

मी भाकरी घेतली. वाठारच्या पुढं घाट लागला, बोगदा आला आणि डब्यात अंधार झाला. त्या अंधारात आम्ही दोघी जेवत राहिलो.